सपाट जागेवरचा धुरा

मामा, तुम्ही जन्मात कधी दारूला शिवला नाहीत. एवढं एक वाक्य मी इतकी वर्षं पोटात ठेवलं, कारण तुमची अटच तशी होती. "माहा दारुड्या उभा हाय तंवर बोलाचं नाई, भाचे. तो बसला का मंग सांग, कोनाले सांगाचं त्याले." आता तो बसला. मंडळींनी यंदाच्या मंडईच्या जत्रेत तुमच्या दारुड्याचा तो वग उभाच करायचा नाही असं ठरवलं आहे. गणपत ढोलकीवाला म्हणाला, दुसरा कोणी दारुड्याचा तो सदरा अंगात घालेल तर मी ढोलकी फोडीन. म्हणून आता सांगतो आहे. तुमचा शब्द मोडत नाही.

तुम्ही गेल्यापासून आसगावच्या घरी जो येतो तो मामीसमोर बसतो, यंदाच्या धानाचं बोलतो, तुमचं एखादं सोंग आठवून हसतो, डोळे पुसतो आणि उठता उठता म्हणतो, "बाकी मानूस सोन्याचा होता. दारूनं खाल्लं." मामी मान हलवते. त्या हलण्यात होकार नसतो आणि नकारही नसतो. तुम्ही गेलात ते धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या त्या बांधावर, बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. पोटाचा त्यात काही संबंध नव्हता. पण लोकांना तुमच्या पोटाचंच दुखणं आठवतं. ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ते दारूचं दुखणं आहे असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सुरुवात मात्र मला दुखण्यापासून करायची नाही.

आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. आईनं मला तुमच्याकडे आणून सोडलं, त्या दिवशी तुम्ही मला अंगणात पाटावर उभं केलंत, पायांवर तांब्याभर पाणी घातलंत आणि वाकून माझ्या पाया पडलात. मी लाजेनं पाय मागे घेतले. आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो हे मला माहीत होतं, पण तुमच्या घरचा भात खायला, तुमच्या पैशानं शिकायला आलेल्या पोरापुढे तुम्ही वाकता, हे काही मनाला पटेना. पुढे मी मोठा झालो, उलट वाकायला लागलो, तर तुम्ही विंचू दिसल्यासारखे पाय उचलायचे. "पाप लावता का मले? भाचा म्हंजे देव. देव कुठं पाया पडते का?" हा आपला पहिला वाद. तो शेवटपर्यंत मिटला नाही.

दिवाळी सरली की आपल्या भागात गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या दुपारी मैदानात खडी गंमत उभी राहते. ना पडदा, ना मांडव. लोकांनी कोंडाळं केलं की मधली जागा ती रंगभूमी. त्या जागेत तुम्ही एका खांद्यावरून घसरलेला सदरा घालून शिरायचे, आणि तोंडातून शब्द निघायच्या आधी लोक हसायला लागायचे. मी तुम्हाला मामा म्हणतो म्हणून मंडळी मामा म्हणू लागली, आणि मग सगळा तालुकाच. इतर गावांच्या गमतीतही दारुडे असत. ते झिंगत, बरळत, पडत. तुमचा दारुड्या वेगळा होता. तो सपाट मैदानावर चालता चालता थबकायचा, समोर टक लावून पाहायचा, धोतर सावरायचा, आणि तिथे नसलेला एक धुरा पाय उंच उचलून, अगदी जपून ओलांडायचा. पलीकडे गेल्यावर मागे वळून त्या धुऱ्याकडे समाधानानं बघायचा. आणि पुढे जिथे खरोखरच ढेकूळ असायचं, तिथे पाय न उचलता ठेच खायचा. बांधीत जन्म काढलेली माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत.

तो धुरा तुम्हाला कुठे सापडला, ते फक्त घरच्यांना ठाऊक होतं. आपला चांद्या बैल म्हातारपणी डोळ्यांनी अधू झाला होता. बांध्यांमधून नेताना तो धुरा नसेल तिथे पाय उचलायचा आणि धुरा आला की अडखळायचा. तुम्ही त्याच्या मागून चालत त्याच्यासारखा पाय उचलून बघायचे. मामी ओरडायची, "लोकं पायतीन तं म्हनतीन, बैलाचं लगन लावून राहिले का बैलासंग?" तुम्ही म्हणायचे, "शिकून राहिलो. हा माहा गुरू." मी पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीवरून ते पाहायचो आणि मला वाटायचं, याला अभ्यास म्हणतात.

तुमच्या त्या अभ्यासानंच तुमच्यावर ते बालंट आणलं.

मी तेव्हा भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मंडईसाठी आसगावला आलो होतो. सकाळी पाहुण्यांसोबत भरपेट जेवण झालेलं, दुपारी गंमत रंगलेली. तुम्ही धुरा ओलांडलात, वळून पाहिलंत, आणि एकदम पोटाशी दोन्ही हात घेऊन खाली बसलात. मग कुशीवर पडलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गणपतनं ढोलकी वाढवली. तुम्ही ओकलात तेव्हा तर एक म्हातारा उठून बक्षीस द्यायला पुढे आला.

बायकांच्या बाजूनं मामी उठली. कोंडाळं फोडून सरळ मध्ये आली. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच त्या मोकळ्या जागेत उभी राहिली असेल.

"उचला त्यायले. हे सोंग नोहे."

गणपत म्हणाला, "मामी, तुमी बसा ना. आत्ता कुठं रंग चढून राहिला."

"पेलेला मानूस पडताना हात सोडते," मामी म्हणाली. "यायनं पोट धरलं. उचला."

एवढ्या माणसांत तुमचं काम नीट पाहत होती ती एकटी, मामा. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्हाला ते माहीत असणार.

गणपत आणि गावातल्या आणखी तिघांनी मिळून तुम्हाला भंडाऱ्यात एका डॉक्टरांकडे नेलं. वरच्या पोटातून आरपार पाठीत जाणारी कळ, एकामागून एक उलट्या, आणि पुढे वाकून बसलं तरच थोडा उतार. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त काढलं, आणि तपासणीचा निकाल आल्यावर सांगितलं, "स्वादुपिंडाला सूज आली आहे." मग आमच्याकडे पाहून विचारलं, "पितात का?"

गणपत पुढे झाला. "साहेब, अख्ख्या तालुक्याले मालूम हाय." दुसरा म्हणाला, "यायच्यासारखा पेनारा पाच कोसांत नाई सापडाचा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. साहेबानं आपल्या कलावंताची चौकशी केली आणि त्यांनी त्याची तारीफ केली. जणू साहेब बिदागीच ठरवायला बसले होते. मामी म्हणाली, "नाई जी, यायनं कधी तोंडालेबी लावली नाई." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, घरची माणसं नाहीच म्हणतात." चार जण हो म्हणत असताना त्यांनी तरी दुसरं काय मानायचं होतं?

तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन लावायचं, कळ थांबवायची, एवढ्यावर तुम्ही सावरलात. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा घेतलीत तर जीव जाईल." तुम्ही हात जोडलेत. "सोडली जी. आजपासून थेंब नाई."

बसस्टँडवर मी तुम्हाला धरलं.

"हो कायले म्हटलं तुमी?"

"भाचे, डॉक्टर फसला." तुमचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे कसे चमकत होते. "पोट दाबून पायते, रगत काढून पायते, इतका शिकलेला मानूस, तोबी फसला. आता याच्या वर काय बक्षीस पायजे?"

"ते तुमाले पाहून नाई फसले. गणपतनं फसवलं त्यायले."

"अन गनपतले कोनं फसवलं?"

पण मला तेव्हा तुमच्या बक्षिसाचं कौतुक नव्हतं, मला भीती वाटत होती. जो पीत नाही त्याला 'पिऊ नका' हे औषध दिलं, तर खरं कारण पोटात तसंच राहतं. ते पुन्हा केव्हाही उठेल.

मी एकटा त्या डॉक्टरांकडे परत गेलो. आमच्या घरात डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणारा माणूस झालाच नव्हता. मी म्हटलं, "सर, हा आजार दारूशिवाय होतो का?" त्यांनी मान वर केली. "होतो की. पण तुझे मामा खरंच पीत नाहीत?" "नाही, सर." "मग ते चौघं कोण होते?"

"ते प्रेक्षक होते, सर."

मी त्यांना सगळं सांगितलं. खडी गंमत, सदरा, धुरा. ते आधी खूप हसले, आणि मग हसणं थांबवून त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. त्यांनी मला जे सांगितलं ते मी आज माझ्या वर्गात सांगतो. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, अन्न पचवणारे रस करतं. ते रस आतड्यात जाऊन कामाला लागायचे. पण काही बिनसलं तर ते आतल्या आतच कामाला लागतात आणि त्या ग्रंथीलाच पचवू लागतात. म्हणून ती कळ. हे अचानक होण्याची कारणं बरीच आहेत, पण बहुतेक रोगी दोन वाटांनी येतात. एक दारूची, दुसरी पित्ताशयातल्या खड्यांची. बाकीच्या वाटा कमी वापरातल्या: पोटावर मार बसणं, रक्तातली चरबी फार वाढणं, काही औषधं, गालफुगी, नळीत शिरलेला जंत. कधी कधी तर कारण हातीच लागत नाही. "तुझ्या मामांची एक वाट मी धरली होती," ते म्हणाले. "ती बंद असेल तर दुसरी आधी बघायला हवी. नागपुरात सोनोग्राफीचं यंत्र आलंय. पोट न कापता आतले खडे दिसतात. घेऊन जा त्यांना. आणि खडे निघाले तर पित्ताशय काढून टाका. नाहीतर पुन्हा होईल, आणि पुढची खेप याहून वाईट असू शकते."

तुम्ही ऐकायला तयार नव्हता. धान कापायचं आहे, मग मळणी आहे, मग लाखोळीचं कडधान्य काढायचं आहे. ही सगळी सोंगं होती, आणि ती मात्र तुम्हाला वठत नव्हती. खरी गोष्ट तुम्ही एकदा आंब्याखाली बसून सांगितलीत. "खडे निंगाले तं गावभर होईन, का मामा पेतच नोहता. मंग मी धुरा ओलांडला का लोकं म्हनतीन, नाटक करून राहिला. आत्ता कोनी म्हनत नाई. आत्ता लोकं म्हनते, पिऊन आला."

"लोकाईच्या म्हणण्यासाठी जीव देता का?"

"अरे, मी काय मरून राहिलो का?"

उन्हाळ्यात, एका लग्नाच्या पंगतीनंतर, तेच दुखणं पुन्हा उठलं. या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. मामी तुमच्या पाठीशी उशी देऊन बसली होती आणि तुम्ही तिचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगड्या पिचल्या. ही खेप हलकी गेली. पण त्या दिवसापासून मामी तुमच्या ताटातल्या घासाकडे बघत राहायची, आणि तुम्ही मुकाट जेवायचे.

जूनमध्ये माझा निकाल लागला. आमच्या आणि तुमच्या, दोन्ही घरांतला पहिला पदवीधर. तुम्ही मला पुन्हा अंगणात पाटावर उभं केलंत, पायांवर पाणी घातलंत. सगळी आळी जमली होती. तुम्ही वाकून पाया पडलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मागा, भाचे. काय पायजे ते मागा. आज मामा नाई म्हननार नाई." तुमच्या खिशात घड्याळ होतं, मामीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी पाटावरून उतरलो नाही. म्हटलं, "मले दान द्या. माह्यासंग नागपूरले चला. खडे असन तं ऑपरेशन करा."

तुम्ही वाकलेले होता तसेच राहिलात. वर बघून दबक्या आवाजात म्हणालात, "हे दान नोहे, भाचे. हे तं दरोडा हाय." आणि मामी ओसरीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली, "भाच्याचा शबद मोडता का आता? पाप लागन." गाव बघत होतं. भाच्यानं मागितलेलं दान नाकारलेला मामा आसगावात कोणी पाहिला नव्हता. तुम्ही सरळ झालात, घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलंत, आणि कानाशी येऊन ती अट घातलीत. दारुड्या उभा आहे तोवर बोलायचं नाही. मी हो म्हटलं.

नागपूरला यंत्राच्या काचेवर सगळं राखाडी राखाडी दिसत होतं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, हे पित्ताशय, आणि हे त्यातले खडे. खडे म्हणजे पांढरे ठिपके, आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली. तुम्ही टक लावून बघत होता. त्यांनी समजावलं, पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी शेवटी एकाच तोंडातून आतड्यात उघडतात. एखादा बारीक खडा घसरून त्या तोंडाशी अडकला की मागे सगळं तुंबतं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे दोन पाटाचं एकच तोंड, अन तिथं दगड. मंग पानी उलटं बांधीत." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "हे आधी सांगतलं असतं असं, तं मी आलो असतो ना." आला नसतात, मामा. पण तो वाद मी तिथे घातला नाही.

भरती करताना सर्जननं विचारलं, दारू किती वर्षं? तुम्ही वॉर्डभर नजर फिरवलीत. चौथ्या खाटेवर आपल्याच भागातला, पवनीकडचा एक रोगी होता. तुम्ही सर्जनच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालात, "कदीच नाई जी. पन हळू बोला." ते माझ्याकडे बघायला लागले. मी होकाराची मान हलवली.

ऑपरेशननंतर त्यांनी एका छोट्या बाटलीत खडे घालून माझ्या हातात दिले. तपकिरी, कोनाकोनाचे, थेट लाखोळीच्या दाण्यांसारखे. तुम्ही शुद्धीवर आल्यावर बाटली उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "पेरले तं उगवतीन का?" टाके होते म्हणून मामी हसू आवरायला सांगत होती आणि स्वतःच हसत होती.

गावात बातमी पोचली ती अशी, की दारूनं मामाचं पोट सडलं, नागपूरला कापून काढलं. पुढच्या मंडईत तुम्ही उभे राहिलात तेव्हा माणूस निम्मा झाला होता. सदरा आणखी घसरत होता. लोक म्हणाले, बघा, इतकं होऊनही सुटत नाही. गर्दी दुप्पट झाली. जवाहरनगरला फॅक्टरीतल्या लोकांनी तुम्हाला बोलावलं, तिथे आपली बोली न समजणारी माणसंसुद्धा तुमच्या पायाकडे बघून हसली. तोवर मी तिथेच क्वार्टर्समध्ये राहत होतो, शाळेत विज्ञान शिकवत होतो. शेजारी म्हणाले, "तुमचे मामा काय? अरेरे." मी म्हटलं, "हो, माझे मामा." मला त्या वेळी जितका गर्व वाटला तितका पदवीच्या कागदावरही वाटला नव्हता.

तरी मी दर मंडईनंतर तुमच्याशी भांडायचो. तुमचं सोडा, मामीला पाणवठ्यावर बायका टोमणे मारतात, ते बघा. तुम्ही म्हणायचे, मामीले इचार. एकदा मी खरंच विचारलं. ती सुपात धान पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले मालूम हाय ना. मंग गावाले कायले सांगू?" मग म्हणाली, "बाटली मी कोनाड्यात ठेवली हाय. तुया मनात असन तं दाखव. मी नाई अडवत. पन त्यायले इचारून." मी विचारलं नाही. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत होतं.

मी वर्गात पचनसंस्था शिकवतो तेव्हा फळ्यावर दोन पाट काढतो, त्यांचं एक तोंड काढतो आणि तोंडात दगड. पोरं धानवाल्यांचीच आहेत, पुस्तकातली नळी त्यांना समजत नाही, हे लगेच समजतं. परीक्षेला तो प्रश्न कोणी चुकत नाही. हे चित्र कुणाचं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. उद्यापासून सांगेन.

तुम्ही गेल्याची खबर आली आणि मी आसगावला पोचलो, तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. ज्या जागी पाट मांडायचे, तिथेच. मी सरळ पायांशी गेलो आणि वाकलो. एका म्हाताऱ्यानं माझा खांदा धरला. "भाच्यानं मामाच्या पाया पडू नये, बाप्पा. त्याच्या जिवाले वाट भेटत नाई." मी तसाच उभा राहिलो. मेल्यावरही तुम्ही मला पाय लागू दिले नाहीत.

आणि काल तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, एक माणूस आला. सानगडीहून, बस बदलत बदलत. आपल्यातला कोणी त्याला ओळखत नव्हता. त्यानं दुपट्ट्यात गुंडाळलेली एक बाटली काढली, मोहाची. गेलेल्याच्या नावानं वाढलेल्या पानाजवळ त्याच्या आवडीचं ठेवतात ना, म्हणून आणली होती. म्हणाला, "मामाच्या पानाजवळ ठेवा, गुरुजी. त्यायच्या आवडीची."

मामी दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, आणि या वेळी तो होकार होता.

मी कोनाड्यातली खड्यांची बाटली आणली. त्या माणसाला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन वाटा, एक दारूची, एक खड्यांची. मामांची ही दुसरी. मामा जन्मात प्यायले नाहीत. मी चांगला शिक्षक आहे, मामा. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, मी नीट, एकही पायरी न गाळता सांगितलं. त्यानं बाटली हातात घेतली, हलवली, उजेडाकडे धरली.

"खडे हायेत, बराबर हाय," तो म्हणाला. "माह्या बहिनीलेबी निंगाले होते असे." मग बाटली माझ्या हातात परत दिली. "पन पेत नोहते, हे मी नाई मानत, गुरुजी."

"काहून?"

त्यानं अंगणाकडे पाहिलं.

"सपाट जागी धुरा दिसते, हे पेल्याबिगर कोनाले समजत नाई. मी पेतो ना. मले दिसते तो धुरा, घरी येताना रोज दिसते. मी कोनाले सांगतलं नोहतं, बायकोलेबी नाई. लोकं हसतीन म्हनून. अन त्या दिवशी सानगडीच्या मंडईत मामानं माहा धुरा ओलांडून दाखवला. पाय कसा उचलाचा तोबी तसाच." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "लोकं हसून राहिले होते. मले वाटलं, एक तरी मानूस हाय ज्याले मालूम हाय. तुमी म्हनता तो मानूस पेत नोहता. मी नाई मानत."

माझ्याकडे खडे होते, सोनोग्राफी होती, पदवी होती. पण त्याला चांद्याबद्दल सांगणं मला जमलं नाही, आणि सांगायचंही नव्हतं.

"ठेवा जी," मामी दारातून म्हणाली. "पानाजवळ ठेवा. यायले आवडन."

त्यानं बाटली ठेवली, हात जोडले, पानभर जेवला आणि शेवटच्या बसनं गेला. तो वळणाआड झाल्यावर मामी पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडते आहे. जवळ गेलो तर ती हसत होती. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

"चांद्याले सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. "मेलेल्या बैलाचाबी मान झाला आज."

आपला मोठा वाद असा मिटला, मामा. मी सगळे पुरावे मांडले आणि तुम्ही तिथे नसताना जिंकलात. गणपत फसला, डॉक्टर फसले, ते एकवेळ सोडा. पण ज्याला तो धुरा रोज दिसतो त्यानंही तुमचा धुरा खरा मानला. याच्या वर काय बक्षीस पायजे, असं तुम्ही बसस्टँडवर विचारलं होतंत. हे होतं त्याच्या वर.

राहिला तो पहिला वाद. सगळे गेल्यावर मी तुमच्या पानापुढे गेलो आणि जमिनीला कपाळ टेकवलं. म्हातारे घरी गेले होते, अडवायला कोणी नव्हतं. मामीनं फक्त पाहिलं. तुम्हाला पाप लागणार नाही. भाचा म्हणून नाही वाकलो. प्रेक्षक म्हणून वाकलो.